मखर गेलं, गाणी गेली, गप्प बसणं तेवढं राहिलं

आनंदनगर एमआयडीसीत सकाळच्या पाळीला बायका निघालेल्या आपण रोज बघतो. यातल्या कित्येकींच्या घरी अकरा-बारा वर्षांची पोर असते. तिला पहिल्यांदा पाळी येते तेव्हा आई बऱ्याचदा कामाच्या पाळीवर असते. पोर घाबरते, शेजारच्या काकूला सांगायलाही लाजते.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या पणजीच्या काळात ही बातमी लपवत नव्हते. 'न्हाण आलं' म्हणून साखर वाटायचे, सासरी निरोप जायचा. पोरीला फुलांनी सजवलेल्या मखरात बसवायचे, नवी साडी, वेणी, गोडधोड. आळीतल्या बायका जमून न्हाणाची गाणी म्हणायच्या. त्यात कौतुक असायचं, नवऱ्याच्या नावाने चिडवणं असायचं आणि संसाराचे चार इशारेही असायचे.

पण मित्रांनो, हे चित्र गोड म्हणून सोडून देता येत नाही. निरोप सासरी जायचा, कारण लग्न आठव्या-दहाव्या वर्षीच झालेलं असायचं. मखरानंतर ऋतुशांती, म्हणजे गर्भाधान. पोर नांदायला पाठवण्याची ती तयारी होती. बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या मनात काय चाललंय, हे कोण विचारणार?

1889 मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची लहान मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यानंतर 1891 चा संमतिवयाचा कायदा आला आणि वयाची अट दहावरून बारा झाली. फक्त बारा! तरीही महाराष्ट्र पेटला. पहिल्या न्हाणानंतर लगेच गर्भाधान झालंच पाहिजे, कायदा धर्मात ढवळाढवळ करतोय, असं विरोधकांचं म्हणणं. परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये म्हणून टिळकही विरोधात उभे राहिले. पुढे 1929 च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचं वय चौदा केलं. मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्नं लांबली आणि मखर हळूहळू घराबाहेर गेलं. बरंच झालं.

पण मखराबरोबर गाणीही गेली. मागे राहिलं ते 'बाजूला बस', 'लोणच्याला हात लावू नको', 'बाबांसमोर बोलू नको'. उत्सव काढला, विटाळ ठेवला. असा कसा हिशेब?

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांत मुलगी वयात आली की मैत्रिणी गाणी म्हणतात. वयाच्या एकविशीच्या आसपास 'उमेमुलो' हा सोहळा होतो, त्यात ती सगळ्यांसमोर नाचते आणि पाहुणे तिला पैशांचा आहेर करतात. ते आजही चालू आहे. तिथेही या चालीवर वाद आहेत, पण गाणं थांबलेलं नाही.

आपल्याकडे गाणी जपणारे लोक झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या ठाणे-रायगडच्या आगरी लग्नांत धवलारीण अजून धवले गाते. न्हाणाच्या गाण्यांची तेवढी नोंद आपल्या भागात तरी कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

सरकारने 2018 मध्ये अस्मिता योजनेतून मुलींना स्वस्त पॅड दिले. चांगलं केलं. पण पॅड हातात देऊन भीती जात नाही, त्यासाठी कोणीतरी बोलावं लागतं.

मखर परत नको. विटाळही नको. घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल तर तिला न्हाणाचं गाणं विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि ते ऐकताना नातीला शेजारी बसवा. दोघींचं बोलणं तिथूनच सुरू होईल.