शिंद्यांचे कंपू : कवायतीची गरज आणि तिची मर्यादा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू या नावाची वस्ती आहे. ज्या सैन्याची आठवण हे नाव करून देते, त्याविषयी बोलताना आपण बहुधा दोनच गोष्टी सांगतो. महादजी शिंद्यांनी कवायती कंपू उभे केले हा त्यांचा पराक्रम, आणि दौलतरावांच्या अमदानीत ते बुडाले हे आपले दुर्दैव. या दोहोंच्या मधला प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सैन्याला नेमके कोणते शिक्षण हवे आहे, हे त्या काळी कसे ठरविले गेले, आणि त्या ठरविण्यात काय राहून गेले?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. एका तोफेचेच उदाहरण घेऊ. एकाने नळी पुसावी, दुसऱ्याने दारू भरावी, तिसऱ्याने ती गजाने ठासावी, चौथ्याने बत्ती द्यावी. चौघेही आपापल्या कामात तरबेज असले, तरी त्यांचा क्रम चुकला तर शत्रूआधी त्यांचाच घात होतो. म्हणून सैन्याची परीक्षा तीन पायऱ्यांवर करावी लागते. प्रत्येक माणसाला त्याचे काम येते काय? एकाचे काम दुसऱ्याच्या कामाशी जुळते काय? आणि या सर्वांना हुकूम देणारा माणूस तयार आहे काय? यांखेरीज एक चौथी शंकाही घ्यावी लागते : दिसणारा दोष खरोखर शिक्षणाच्या अभावाचा आहे, की त्याचे मूळ अन्यत्र आहे?

पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ रोजी, पहिल्या पायरीवर उणीव नव्हती. इब्राहिमखान गारदी फ्रेंच पद्धतीत मुरलेला होता व त्याचे गारदी शेवटपर्यंत झुंजले. मराठा स्वार तर जातीचेच शूर. पण गोलाची लढाई आणि गनिमी कावा या दोन भिन्न विद्या आहेत, आणि त्या एकाच रणात एकत्र आल्या होत्या. मल्हारराव होळकरांना ही गोलाची पद्धत मान्य नव्हती. विठ्ठल शिवदेव विंचूरकर व दमाजी गायकवाड यांच्या स्वारांनी रोहिल्यांवर धाव घेतल्याने गोल फुटला, असे बखरींवरून दिसते. दोष त्यांच्या शौर्यावर लादणे आम्हांस अन्यायाचे वाटते. गारदी व स्वार यांनी एकमेकांच्या चालीचा एकत्र सराव केलेला नव्हता. उणीव होती ती दुसऱ्या पायरीवर.

त्या रणातून महादजी जखमी पायानिशी वाचले. १७८४ मध्ये त्यांनी सावॉय प्रांतातील बेन्वा डी बॉइन याला चाकरीस ठेवून कवायती पायदळ उभारण्यास आरंभ केला. जुलै १७८७ मधील लालसोटच्या मोहिमेने या प्रयोगाची परीक्षा घेतली. डी बॉइनच्या पलटणी राठोड स्वारांच्या हल्ल्यापुढे टिकल्या. परंतु महादजींच्या बाजूच्या बादशाही पलटणी तोफांसह शत्रूस जाऊन मिळाल्या. त्यांनाही कवायत येत होती. त्यांचा पगार थकलेला होता! चौथ्या शंकेचे महत्त्व येथे कळते. जे दुखणे पगाराचे आहे, ते कवायतीने बरे होत नाही. पुढे डी बॉइनने पूर्ण कंपू उभारला, तेव्हा पगारासाठी दुआबातील मुलूख तोडून देण्यात आला आणि शिपायाला वेळेवर रोख पैसा मिळू लागला.

या तयारीचे फळ १७९० मध्ये मिळाले. २० जूनला पाटण व १० सप्टेंबरला मेडता अशा दोन लढाया कंपूने जिंकल्या. पैकी मेडत्याची लढाई पानिपताशी ताडून पाहण्याजोगी आहे. येथेही एका उतावळ्या अधिकाऱ्याने हुकुमाची वाट न पाहता पलटणी पुढे नेल्या, आणि राठोडांनी ती संधी साधली. पण डी बॉइनने शिपायांचा पोकळ चौकोन बांधला आणि राठोडांच्या लाटा त्यावर आपटून फुटल्या. चूक होणारच नाही असे सैन्य जगात नसते. चूक झाल्यावर सर्वांनी मिळून ती सावरणे हेच सरावाचे खरे मोल होय.

मग हे सैन्य १८०३ मध्ये का हरले? २३ सप्टेंबरला असई येथे आर्थर वेलस्लीने बगलेवर हल्ला करण्याचा बेत केला, तेव्हा शिंद्यांच्या पायदळाने झपाट्याने तोंड फिरवून नवी रांग धरली. इंग्रजांकडील पंधराशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठून पुन्हा तोफा डागू लागले. पहिल्या दोन पायऱ्यांचे शिक्षण किती पक्के होते, याचा याहून वेगळा पुरावा नको.

ढासळली ती तिसरी पायरी. कंपूंचे वरिष्ठ अधिकारी परके होते. डी बॉइनच्या जागी आलेला पेराँ सप्टेंबर १८०३ मध्येच इंग्रजांच्या आश्रयास गेला. इंग्रज सरकारने शिंद्यांच्या चाकरीतील अधिकाऱ्यांना पगाराचे आमिष दाखवून फोडले. १ नोव्हेंबरला लासवारी येथे पलटणी जवळजवळ निर्नायकी असता अखेरपर्यंत लढल्या. याच सैन्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती, असे खुद्द जनरल लेकने लिहून ठेवले आहे.

लेकच्या या अभिप्रायात एक शब्द बदलावा असे आम्हांस वाटते. अधिकारी फ्रेंच असण्याची गरज नव्हती. ते आपले आणि तयार असण्याची गरज होती. शिपायाला काय शिकवावे याचा विचार महादजींनी बारकाईने केला, पण शिकविणारा उद्या गेला तर त्याच्या जागी कोण, हा विचार पुरता झाला नाही. घोड्यावरच्या सरदारीपुढे पायदळाचा हुद्दा आमच्या मानकऱ्यांना हलका वाटे, हेही त्याचे एक कारण असावे. महादजींना सवड थोडी होती, हे खरे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी ते वारले. परंतु त्यांच्यामागून नऊ वर्षे हाती होती, आणि ती वाया गेली.

विद्या विकत आणता येते. ती आपल्या घरात रुजली की नाही, हे शिष्य कसा वागतो एवढ्यावरून कळत नाही. गुरू निघून गेल्यावर दुसरा गुरू त्याच घरातून उभा राहतो काय, यावरून ते कळते. शिंद्यांच्या गोलंदाजांनी आपली परीक्षा प्राण देऊन उत्तीर्ण केली. अनुत्तीर्ण झाले ते त्यांचे धनी.