जाऊबाईंची गोळी आणि सद्दालपुत्राची मडकी



मोठ्या जाऊबाईंनी बीपीच्या गोळ्या बंद केल्या. म्हणाल्या, "आयुष्य बांधून आलोय. गोळीनं एक दिवस तरी वाढणार आहे का?" आमच्या हदगावात कुणाकडे भेटायला बसलं की हे ऐकू येतंच. त्या मोठ्या, उलट बोलता येईना. म्हणून उपासकदशांग काढलं.

सातवं अध्ययन पोलासपूरच्या सद्दालपुत्र कुंभाराचं. गावाबाहेर ५०० दुकानं, तीन कोटींचं धन. एक कोटी तिजोरीत, एक व्याजानं, एक घरपसाऱ्यात. (बी.कॉम. बाईला आधी ताळेबंदच दिसतो!) तो गोशालकाचा अनुयायी, आजीविक. सगळं अटळ आहे, प्रयत्नाला जागा नाही, हे त्यांचं मत. पंथ लहान नव्हता. सम्राट अशोकानं राज्याभिषेकाच्या १२व्या वर्षी बिहारच्या बराबर डोंगरातली लेणी त्यांना दिली होती.

भगवान महावीरांनी त्याला विचारलं, ही मडकी प्रयत्नानं झाली की प्रयत्नाविना? तो म्हणाला, प्रयत्नाविना. मग ती कुणी चोरली, फोडली, तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्याशी कुणी वाईट वागलं, तर? तो म्हणाला, मारीन त्याला. भगवान म्हणाले, सगळं ठरलेलंच असेल तर त्यानं काही केलंच नाही, मग शिक्षा कशाची? तिथे सद्दालपुत्राला उमगलं.

पण जाऊबाई काही आजीविक नाहीत. आयुष्यकर्म बांधलं जातं, हे तर आपलंच शास्त्र. खरी अडचण इथे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचं शेवटचं सूत्र पाहा. देव-नारकी, त्याच भवात मोक्षाला जाणारे, तीर्थंकर-चक्रवर्तींसारखे उत्तम पुरुष आणि असंख्यात वर्षं जगणारे, एवढ्यांचंच आयुष्य मध्येच तुटत नाही. बाकीच्यांचं विष, शस्त्र, आग, भूक-तहान अशा निमित्तांनी लवकर भोगून संपू शकतं. भाष्यात ओल्या कापडाचा दृष्टांत आहे. गोळा करून ठेवलं तर उशिरा वाळतं, पसरलं तर लगेच. पाणी तेवढंच.

म्हणजे बांधल्यापेक्षा आयुष्य वाढत नाही, हे जाऊबाईंचं बरोबर. पण लवकर संपणं शक्य आहे, आणि वाढलेलं बीपी मी त्या निमित्तांतच धरते.

गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांना हे सांगितलं. हातातली साडी झटकत म्हणाल्या, "म्हणजे मी उत्तम पुरुष नाही म्हणतेस?" दोघी खूप हसलो. गोळ्यांचं पाकीट मात्र अजून कपाटावरच आहे. उद्या पुन्हा विषय काढणार आहे.