स्तनाचा कर्करोग : न दुखणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष नको

भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि निदानास विलंब होतो.

हा विलंब यंत्राविना, केवळ हाताने तपासून टाळता येईल का, याचा शोध मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने घेतला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात मुंबईतील ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख महिलांचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून कमी वयात मात्र मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही.

स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेवर खळी, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव ही लक्षणे दिसताच, वय कोणतेही असो, डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मॅमोग्राफी, सोनोग्राफी व गरजेनुसार बायोप्सीनंतरच निदान निश्चित होते. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असल्यास तपासणी केव्हा सुरू करावी, याबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. संकोचापोटी गेलेले महिने उपचार अवघड करतात.