कोरडेपणाला नाव कसं मिळालं?



आपल्यातली एखादी म्हणते, ‘भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरना नाय, डोळ्यांत रेव गेल्यासारखी टोचता.’ आपण म्हणतो, ‘वय झाला गो.’ ती काजूच्या कारखान्यात जाणारी असली, तर धुराला दोष देतो. बचत गटात आम्हीही असंच बोलत आलो. म्हणून आज या कोरडेपणाचा इतिहास सांगतो.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचे डॉ. गोहीन रुग्ण तपासत. अशी बाई त्यांच्याकडे गेली असती, तरी आज आपण जे नाव घेतो ते त्यांना देता आलं नसतं. अश्रू मोजायची सोय मात्र होती. 1903 साली शिर्मर या डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून ओल किती चढते ते मोजलं. ती तपासणी आजही होते. पाच मिनिटांत ओल 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी चढली, तर डोळा कोरडा समजतात.

1933 साली स्वीडनमधले नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी 19 रुग्णांवर प्रबंध लिहिला. सगळ्या बायकाच. डोळे कोरडे, तोंड कोरडं, बऱ्याच जणींचे सांधेही दुखत. हे सगळं एकच दुखणं आहे, असं त्यांनी मांडलं. प्रबंधाला चांगले गुण मिळाले नाहीत आणि विद्यापीठात शिकवायची त्यांची वाट बंद झाली. 1943 साली प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर झालं, तेव्हा जगाचं तिकडे लक्ष गेलं.

पुढे कळलं, की राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावावा तशी शरीराची रोगाशी लढणारी शक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. तिची खूण रक्तात सापडते. चायना ग्रासच्या जेलीसारख्या थरात एका खळग्यात रुग्णाच्या रक्तातलं पाणी आणि दुसऱ्यात पेशींचा अर्क घालत. दोन्ही भेटले, की पांढरी रेघ उमटे. अशी एक खूण 1969 साली सापडली, दुसरी 1974 साली. त्यांना रुग्णांच्या आडनावांची पहिली अक्षरं दिली: ‘रो’ आणि ‘ला’. 1975 साली दुसऱ्या संशोधकांनी त्याच खुणांना ‘एसएसए’ आणि ‘एसएसबी’ म्हटलं. दोन्ही एकच, हे 1979 साली ठरलं. म्हणून रिपोर्टवर आज दोन्ही नावं दिसतात.

पण रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. 2016 च्या नियमांत आजार ठरवायला 4 गुण लागतात. ‘रो’ सापडलं तर 3, ओठाच्या आतल्या तुकड्याच्या तपासणीला 3, कागदाच्या पट्टीला 1. म्हणजे ‘रो’ नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. आणि नुसतं ‘रो’ आहे म्हणून आजार पक्का होत नाही. मधुमेहाने किंवा काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं.

एक गोष्ट तरुण मुलींसाठी. ‘रो’ सापडलं असेल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा. शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके त्यामुळे मंदावतात. आधी कळलं, तर लक्ष ठेवता येतं.

त्या 19 जणींनी आपलं दुखणं सांगितलं, म्हणून त्याला नाव मिळालं. आपणही तीन महिने कोरडेपणा हटला नाही, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवूया. आणि शेजारणीला ‘वय झाला’ म्हणण्याआधी विचारूया, ‘कधीपासून होता गो तुका असा?’