सायकल, कुत्रं आणि खिशातलं पिस्तूल

मागच्या आठवड्यात नातवाने नवी सायकल घेतली. दुसऱ्याच दिवशी गल्लीतलं कुत्रं मागे लागलं आणि स्वारी घामाघूम होऊन घरी परतली. "आजी, तू इतकी वर्षं सायकलने शाळेत जायचीस, कुत्र्यांचं काय करायचीस गं?" मी पडले इतिहासाची बाई. साध्या प्रश्नाचं उत्तरही शे-सव्वाशे वर्षं मागून सुरू करायची खोड. तेव्हा मंडळी, तुम्हीही ऐका.

आपण चालवतो तशी, सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने १८८५ साली 'रोव्हर' नावाने आणली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. गंमत म्हणजे हा डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर! पुढच्या दहा वर्षांत युरोपात सायकलीचं वेडच पसरलं. शहरातली माणसं खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर सायकली दामटू लागली. तिथल्या कुत्र्यांना घोडे माहीत, गाड्या माहीत. पण आवाज न करता सुसाट येणारा आणि पाय गरगर फिरवणारा हा प्राणी त्यांना नवा होता. पळणाऱ्याच्या मागे धावायचं हा तर कुत्र्याचा जातिस्वभावच.

यावर फ्रेंचांनी काय उपाय काढावा? पिस्तूल! पॅरिसच्या गालां नावाच्या बंदूकवाल्याने १८९०च्या दशकात सायकलवाल्यांसाठी खिशात मावेल असं छोटं रिव्हॉल्वर काढलं. नाव 'व्हेलो-डॉग'. व्हेलो म्हणजे सायकल. डॉग सांगायला नको. खिशात अडकू नये म्हणून अनेक पिस्तुलांचा घोडा दुमडता यायचा. ज्यांना कुत्र्याचा जीव घ्यायचा नसे त्यांच्यासाठी तिखटाची पूड किंवा मेण भरलेली काडतुसंही मिळत.

वर्गात हे सांगितलं की मुलं पोट धरून हसायची. पण विचार करा, एका हाताने हँडल धरायचं, मागे वळायचं, धावत्या कुत्र्यावर नेम धरायचा. कुत्र्याचं काय व्हायचं ते होवो, स्वार खड्ड्यात जाणार हे नक्की.

त्या भीतीचं मूळ मात्र हसण्यासारखं नव्हतं. पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि रोगाची लक्षणं दिसू लागली की मरण ठरलेलं. आजही जवळजवळ तसंच आहे. पण रोव्हर सायकल आली त्याच १८८५ साली, ६ जुलैला, पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचवायला सुरुवात केली. दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या झाल्या आणि मुलगा वाचला. म्हणजे त्या पिस्तुलाच्या आधीच, त्याच शहरात, खरा इलाज सापडलेला होता. तरीही माणसं पिस्तूल विकत घेत होती. भीतीला शहाणपण उशिरा ऐकू येतं, हेच खरं.

हे मी दुसऱ्याला नावं ठेवायला लिहीत नाही. माझीच गोष्ट सांगते.

आपल्याकडे १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तिथेच डेव्हिड सेंपलने १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं याच लशीची. मुलांनी कुत्र्यांना दगड मारू नयेत म्हणून वर्गात मी ती इंजेक्शनं अगदी रंगवून सांगायचे. सुई केवढी, पोट कसं सुजतं, सगळं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सातवीतला एक मुलगा लंगडताना दिसला. सायकलवरून येताना कुत्र्याने पोटरीला धरलं होतं. तीन दिवस घरी कोणाला पत्ता नाही. मला म्हणाला, "बाई, आईला सांगू नका. पोटात चौदा टोचतात ना?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्याला कॅरियरवर बसवून तशीच आधी त्याच्या घरी आणि मग सरकारी दवाखान्यात गेले. सगळी इंजेक्शनं झाली, मुलगा सुखरूप राहिला. पण ते चौदा दिवस मला झोप नव्हती. कुत्र्याने चावा घेतला होता खरा, पण त्याचं तोंड बंद केलं होतं ते माझ्या गोष्टीने. ती गोष्ट मी पुन्हा कधी सांगितली नाही.

असो. नातवाला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कुत्रं मागे लागलं की पळवू नकोस, लाथ तर मुळीच मारू नकोस, तोल जातो. वेग कमी कर, मागच्या वाहनांकडे लक्ष देऊन खाली उतर, सायकल दोघांच्या मध्ये धर आणि डोळ्याला डोळा न भिडवता सावकाश चालू लाग. पळणारं काही उरलं नाही की बहुतेक वेळा त्याचा खेळ संपतो. मीही इतकी वर्षं हेच केलं.

आणि चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आता पोटात टोचत नाहीत. दंडात चार-पाच इंजेक्शनं असतात. जखम खोल असेल तर तिच्याभोवतीही एक औषध टोचतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी येऊन सांगायचं. कोणी रागावणार नाही, हे मुलांना आपण मोठ्यांनी आधीच सांगून ठेवायला हवं.