उंची न वाढवता पिकअपचं सस्पेन्शन कसं सुधारतात?

रिकामी पिकअप खड्ड्यात उडते, माल भरला की मागून बसते. मागची उंची पाटे ठरवतात. शॉकअप फक्त त्यांची उसळी शांत करतात. म्हणून मूळ लांबीचेच गॅस शॉकअप बसवले आणि झिजलेले बुश बदलले, तर उंची जवळपास तीच राहून गाडी स्थिर होते.

मूळ पाट्यांत एक पाटा वाढवला, तर मागची बाजू वर येते आणि रिकामी गाडी जास्त आदळते. त्याऐवजी वजन पडल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा बसवतात.

मात्र यानं भारक्षमता वाढत नाही. ब्रेक, टायर, ॲक्सल जुनेच असतात. आरसीवरची वजनमर्यादा ओलांडली, तर गाडी बसलेली दिसणार नाही, पण वेळेवर थांबणारही नाही. आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही.