तळटीप : बिनटिंबांची अरबी

१७. टिंबे गाळून लिहिलेला मजकूर : मे २०२१मध्ये पूर्व जेरुसलेममधल्या शेख जर्राह वस्तीतील घरे रिकामी करवण्याविरुद्ध आवाज उठला, तेव्हा पॅलेस्टिनींच्या अनेक पोस्ट फेसबुक-इन्स्टाग्रामवरून उडवल्या गेल्या. अल-अक्सा मशिदीचा हॅशटॅगही बंदी असलेल्या संघटनेशी जोडून अडवला गेला. मजकूर आपोआप गाळणाऱ्या यंत्रणेला चकवण्यासाठी लोक अरबी अक्षरांची टिंबे गाळू लागले. बा, ता, था ही अक्षरे टिंबांवरूनच ओळखू येतात. सरावलेला वाचक मात्र संदर्भाने वाचतो. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिनेच नेमलेल्या बीएसआर संस्थेच्या २०२२च्या अहवालाने अरबी मजकुरावर हिब्रूपेक्षा अधिक कारवाई झाल्याचे नोंदवले. हैफातील ‘हमले’ हे डिजिटल हक्कांचे केंद्र पोस्ट उडवल्याच्या अशा तक्रारींचा पाठपुरावा करते. ज्याचे घर जाते आहे, त्याचे बोलणेही पुसून टाकणे हा दुहेरी अन्याय आहे. — संपा.